वही आणि फोन

२०२३ सालच्या आगमनकाळातला दुसरा रविवार. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही घरी परतलो आणि ओटीवर टेकलो, तोच फोन वाजला. पलीकडे आमची एक जुनी विद्यार्थिनी होती. डहाणू तालुक्याच्या पूर्वेकडील डोंगरपट्टीत आम्ही एकतीस वर्षे शिक्षकी केली. त्या काळात आमच्या हाताखालून गेलेल्या वारली मुलींपैकी ही एक. आज ती आपल्याच पाड्यांवर आशा कार्यकर्ती आहे. सुखदुःखाच्या प्रसंगी ती आम्हांला हमखास फोन करते. पण त्या दिवशी तिच्या बोलण्यात नेहमीची चौकशी नव्हती.

"सर, माझी एक पोर तुमच्या वसईकडे आलीय. पोटुशी होती. तिची तारीख कधीच गेली. फोनात तिची ओळ तांबडी झालीय. मी काय करू?"

हा प्रश्न ऐकून आम्ही क्षणभर गोंधळलो. फोनातली ओळ तांबडी होणे म्हणजे काय, हे आम्हांला तेव्हा पुरते ठाऊक नव्हते. ते समजावून घेता घेता जो पंधरवडा गेला, त्याची ही हकिगत आहे.

आशा म्हणजे कोण, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले, तेव्हापासून साधारणतः हजार वस्तीमागे एक या प्रमाणात गावोगावी या भगिनी नेमल्या गेल्या. डोंगराळ आदिवासी भागात त्याहून लहान वस्तीलाही एक आशा मिळते. देशात त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे, महाराष्ट्रात सुमारे सत्तर हजार. सरकारी भाषेत त्या नोकर नव्हेत, स्वयंसेविका आहेत. केलेल्या कामागणिक त्यांना मोबदला मिळतो. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन पाहायचे. त्याचे वजन घ्यायचे, अंग गार पडले आहे काय हे पाहायचे, श्वास मोजायचा, आईला अंगावर पाजण्याची रीत दाखवायची. सहा भेटींचे मिळून अडीचशे रुपये. मूल घरीच जन्मले, तर पहिल्या दिवसाची भेट आणखी एक.

आमच्या विद्यार्थिनीने हे काम पत्करले, तेव्हा पहिल्यांदा आमच्याकडे आली ती वही मागायला. सरकारी नोंदवह्या मिळत. पण त्यांतील रकाने अरुंद आणि तिला सांगायचे असे फार. म्हणून आम्ही तिला शाळेतील दोनशे पानी जाड वही दिली. पुढे दरवर्षी जूनमध्ये एक वही देण्याचा परिपाठच पडला. त्या वह्या आम्ही चाळल्या आहेत. अक्षर मोठे, शुद्धलेखन आमच्या मास्तरकीला लाज आणणारे. परंतु मजकूर असा, की वाचता वाचता पाडा डोळ्यांपुढे उभा राहावा. 'सासू दवाखान्याला नको म्हणते, नवरा हो म्हणतो, नवऱ्याशी बोलावे.' 'पहिले मूल गेले म्हणून घाबरते.' 'ओढ्याला पाणी आले तर डोली लागेल, चौघांना सांगून ठेवले.' आपल्या धर्मग्रामातील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत जसे बाळाबरोबर आईबाप, धर्ममातापिता असे सारे गणगोत एका ओळीत नांदते, तसेच काहीसे तिच्या वहीचे होते. एकेका बाईमागे तिचे घर उभे असे.

मग फोन आला. तो एकाएकी आला नाही. २०२० सालच्या सप्टेंबरात, करोनाच्या ऐन भरात, 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली. घरोघर जाऊन ताप आणि रक्तातील प्राणवायू मोजायचा आणि आकडे मोबाइलवर भरायचे. तिच्या घरात तेव्हा एकच स्मार्टफोन होता, तो नवऱ्याचा. दिवसभर आकडे कागदावर टिपायचे आणि रात्री नवऱ्याकडून फोन मागून भरायचे, असा क्रम चालला. पुढे तिने बचतगटाचे कर्ज काढून स्वतःचा फोन घेतला. रिचार्ज तिचाच. पाड्यात रेंज नाही. ती मिळते टेकडीवरच्या एका सागाच्या झाडाखाली. संध्याकाळी भाकऱ्या थापून झाल्या की ती त्या सागाखाली जाऊन बसे आणि दिवसाचे काम वर पाठवी. पावसाळ्यात छत्री मानेखाली धरून. 'वर' म्हणजे कोठे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. आम्ही विचारले, तर हसून आभाळाकडे बोट दाखवून म्हणाली, "वर."

त्या काळात तिचे आम्हांला येणारे फोन बहुधा इंग्रजीपायी असत. "सर, हे अमक्या पोरीचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं?" वारली मुलींची नावे आम्ही वर्गात शेकड्यांनी मराठीत लिहिली; पण त्यांचे इंग्रजी स्पेलिंग ठरवण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. आम्ही एक सांगावे, आधार कार्डावर दुसरेच असावे, दवाखान्यातील परिचारिकेने तिसरेच लिहिलेले असावे! मग एकाच मुलीच्या फोनात दोन मुली होत. एकीच्या तपासण्या पूर्ण, दुसरी बिचारी एकदाही न तपासलेली. आणि वरून विचारणा येई, या दुसरीकडे तुम्ही दुर्लक्ष का केले?

हे दुखणे तिच्या एकटीचे नव्हते. २०२१ सालच्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारलाच परत केले, हे वाचकांना आठवत असेल. फोन कमी क्षमतेचे, वारंवार बंद पडणारे, आणि त्यात भरायचे पोषणाचे अॅप इंग्रजीतून. ज्या बाईने उभ्या आयुष्यात गावाची मुले मराठीतून मोजली, तिला आपलेच काम परक्या भाषेत भरायला सांगणे, हे आम्हां शिक्षकाला आजही कोडे वाटते. २०२३ च्या ऑक्टोबरात आशा संपावर गेल्या, तेव्हाही मानधनवाढीबरोबरच ऑनलाइन कामाच्या सक्तीविरुद्धची तक्रार त्यांच्या मागण्यांत होती. आमची विद्यार्थिनीही त्या संपात होती.

येथे एक कबुली देणे भाग आहे. हे सारे ऐकून आमचे मत एकांगी झाले होते. फोन वाईट, वही चांगली, असा आम्ही निकालच देऊन टाकला होता. वयाचा हा दोष असावा. तिला मात्र तसे कधी वाटले नाही. एकदा आम्ही यंत्रांविषयी काही कडवट बोललो, तेव्हा ती म्हणाली, "नाय सर, फोन पाहिजेच. आधी गाडी बोलवायला माणूस पळवत होतो." १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ साली सुरू झाली. ती सागाच्या झाडाखाली का होईना, एका फोनने बोलावता येते, याचे मोल तिला ठाऊक होते. बाळाच्या अंगावरचे पुरळ असो, नाळेची जागा चिघळलेली असो, छायाचित्र काढून आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना पाठवले की तासाभरात उत्तर येते. याबद्दल तिला फोनचे कौतुकच होते. तिचा राग होता तो एवढ्याच गोष्टीवर, की ती फोनला सगळे सांगते आणि फोन तिला काहीच सांगत नाही. दर संध्याकाळी तिच्या वरच्या गटात गावांची यादी पडे, ज्यांचे काम मागे त्यांची नावे ठळक करून. एवढाच काय तो वरून येणारा निरोप.

आता त्या तांबड्या ओळीकडे वळू.

दिवाळी झाली की डोंगरपट्टीतील कुटुंबे 'जगायला' जातात. त्यांचा शब्दच तो आहे. भाताची कापणी संपली, घरातले धान्य किती दिवस पुरेल याचा हिशेब झाला, मुकादमाने उचल दिली, की चूल, कोंबड्या आणि मुले घेऊन माणसे ट्रकात बसतात ती भिवंडी, वसई, उल्हासनगर अशा ठिकाणच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर उतरतात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. ही मुलगी आठवा महिना भरून गेल्यावर निघाली होती. तिची प्रसूतीची तारीख डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. तारीख उलटली, मूल झाल्याची नोंद नाही, म्हणून फोनातली तिची ओळ तांबडी झाली. तेवढे फोनने चोख केले. पण ही तांबडी ओळ उजळली डहाणूच्या डोंगरात, आणि मुलगी होती आमच्या वसई तालुक्यात कोठेतरी. अशा स्थलांतरितांचा माग ठेवण्यासाठी २०२१ च्या अखेरीस पालघरसह काही जिल्ह्यांत महिला व बालविकास खात्याने एक नवी प्रणाली सुरू केली होती, हे आम्ही वाचले होते. तसे काही तिच्या नावापुढे आहे काय, असे विचारले. तिच्या फोनात तरी तसे काही दिसत नव्हते.

"कोणत्या भट्टीवर गेली, हे ठाऊक आहे का?"

"फोनात तसा रकाना नाय. पण वहीत असल."

दहा मिनिटांनी वहीच्या पानाचे छायाचित्र आमच्या फोनवर आले. चष्मा पुसून आम्ही वाचले. 'दिवाळीनंतर जाणार. तानसा नदीच्या काठी, वसईकडे. भट्टीच्या वाटेवर मोठा आंबा व देऊळ. मुकादम आपल्याच बाजूचा. मागल्या साली हिची नणंद तिथेच होती, तिचे बाळ सहाव्या दिवशी गेले. हिला सांगितले, बाळ झाले की मला निरोप दे.' खाली मुकादमाचा क्रमांक होता. तो आम्ही लावला, बंद होता.

तानसेच्या काठी वीटभट्ट्या काही एकदोन नाहीत. आम्ही आमच्या आळीतील एका निवृत्त परिचारिकेकडे गेलो. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी हयात घालवली. आळीत सारे त्यांना सिस्टर म्हणूनच हाक मारतात. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बाळ किती दिवसांचं असेल?" आणि पिशवी भरायला घेतली. शेजारच्या तरुणाने त्याची गाडी काढली. जेवणे राहिली ती राहिलीच.

चौथ्या भट्टीवर आंबा आणि देऊळ जुळले. विटांच्या थप्प्यांमागे कच्च्या विटांच्याच चार भिंती, वर प्लास्टिकचा कागद, उंची आमच्या कमरेएवढी. आत ती मुलगी बसली होती. बाळ नऊ दिवसांचे. भट्टीवरच्याच एका म्हाताऱ्या बाईने सुईणपण केले होते. आम्ही बाहेर थांबलो. सिस्टर वाकून आत गेल्या. बराच वेळ त्यांचा आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, "पाय गार आहेत. दोन दिवसांपासून नीट ओढत नाही, असं ही सांगते. घड्याळ धरा, सर. मी मोजते."

आम्ही मिनिट धरला. श्वास भरले चौसष्ट. साठ किंवा त्याहून अधिक म्हणजे धोका, हे सिस्टरांनी मागाहून सांगितले. त्या वेळी त्यांनी बाळाला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वर शाल गुंडाळून बांधले आणि आम्हांला १०८ लावायला सांगितले.

रुग्णवाहिका येईपर्यंतच्या वेळात आम्ही त्या भागातील आशाताईंना बोलावून घेतले. त्या धावत आल्या. त्यांच्याविषयी आमच्या मनात किंतु नाही. झोळीच्या काट्यावर त्यांनी बाळ तोलले. एक किलो नऊशे ग्रॅम. मग फोन काढून त्या नोंद करू लागल्या आणि अडल्या. मुलगी त्यांच्या यादीत नव्हती. नवी नोंद करायची, तर आधार कार्ड हवे. ते डहाणूला सासूच्या पेटीत. क्रमांक मुलीला पाठ असण्याचा प्रश्नच नव्हता. ओटीपी ज्या मोबाइलवर जाणार, तो नवऱ्याने उचल फिटेना म्हणून विकला होता. बाळ समोर धापत होते आणि फोनच्या लेखी ते अद्याप जन्मायचे होते. अखेर त्या बाईंनी फोन बाजूला ठेवला, पिशवीतून आपली वही काढली, आणि त्या मागच्या पानावर लिहू लागल्या. त्यांचीही एक वही होती, हे पाहून आम्हांला का कोण जाणे, धीर आला.

इस्पितळात बाळ तेरा दिवस राहिले. सरकारी इस्पितळ होते. गर्दी होती, जागा अपुरी होती, पण डॉक्टरांनी हयगय केली नाही. आमच्या आळीतील बायका पाळीपाळीने आईचा डबा नेत. नाताळच्या दोन दिवस आधी मायलेकरांना घरी सोडले.

त्या तेरा दिवसांत इस्पितळाच्या बाकावर बसून बसून आम्हांला गडचिरोलीतील एका साध्या वस्तूची वारंवार आठवण येई. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे 'सर्च' ही संस्था स्थापन केली. खेड्यातील सुईणींना बाळाचा न्यूमोनिया ओळखता यावा, तर श्वास मोजता यायला हवा. आणि अक्षरओळख नसलेल्या बाईने साठापर्यंत कसे मोजावे? त्यांनी एक मण्यांची पाटी तयार केली. शेजारी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी रांगेतला शेवटचा मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आले म्हणजे पुरे. पुढे त्याच भागातील प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज आशा ज्या घरभेटी देतात, त्यांचे मूळ तेथे आहे. त्याही आधी, १९७० साली, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने जामखेडला अल्पशिक्षित, कित्येकदा निरक्षर बायकांच्या हाती गावाचे आरोग्य सोपवले होते.

मण्यांची पाटी हेही यंत्रच. पण ते ज्या बाईच्या हातात असे, तिलाच ते उत्तर देई, आणि तेथल्या तेथे. तिच्याकडून माहिती घेऊन ते दुसऱ्या कोणाला कळवीत नसे. फोनला हे शिकवता येणार नाही असे नाही. त्याच फोनात श्वास मोजण्याची सोय असू शकते. डहाणूची तांबडी ओळ वसईच्या आशाताईंच्या फोनात उजळू शकते. नावाचे स्पेलिंग चुकले तरी बाई एकच राहू शकते, आणि 'मागल्या साली नणंदेचे बाळ सहाव्या दिवशी गेले' या वाक्याला एखादा रकाना मिळू शकतो. ते करणाऱ्याने आधी एक पूर्ण दिवस सागाच्या झाडाखाली बसावे, इतकीच आमची शिफारस आहे. आणि हेही खरे, की त्या रविवारी वहीचे पान आमच्यापर्यंत पोहोचले ते फोनमुळेच. नुसत्या वहीने ते बाळ सापडले नसते. तांबड्या ओळीने तिला हटकले नसते, तर तिने वही उघडलीही नसती कदाचित. हे तिनेच आम्हांला सांगितले. आम्ही आपण होऊन कबूल केले असते की नाही, कोण जाणे.

२०२४ च्या फेब्रुवारीत राज्यभरातील आशा मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरून बसल्या होत्या. पुढे मार्चमध्ये त्यांच्या मानधनात पाच हजारांची वाढ करण्याचा निर्णय झाला. मैदानावरून गावी परतताना ती वसईला उतरली आणि एक रात्र आमच्याकडे राहिली. उन्हाने चेहरा रापला होता, घसा बसला होता. सौ.ने तिला पेज वाढली. जेवण झाल्यावर तिने सिस्टरांना बोलावून घ्यायची विनंती केली.

"सिस्टर, घरी सोडलं तेव्हा बाळाचं वजन किती होतं?"

"दोन किलो एकशे साठ."

"आणि आता भट्टीवर कोण बघतं?"

"तिथली आशा जाते. मागच्या आठवड्यात मीही जाऊन आले. दोन किलो नऊशे झालंय."

फोनातली ती ओळ, तिने सांगितले, अजून तांबडीच होती. बाळ कोठे जन्मले, या प्रश्नाला फोनात दिलेल्या उत्तरांपैकी एकही लागू पडेना. घर म्हणावे तर पत्ता डहाणूचा लागतो, आणि दवाखाना म्हणावे तर खोटे होते. वरून दोनदा विचारणा झाली होती. तिने आमच्या स्वयंपाकघरातल्या प्लगला फोन लावून ठेवला, पिशवीतून वही काढली, आणि आमच्याकडे पेन मागितले.